दात नसलेली करवत आणि दगडावरची नावं



कार्ले, भाजे, कान्हेरी, अजिंठा ही लेणी आपल्यापैकी बहुतेक कुटुंबांनी पाहिली आहेत. सहलीची बस निघते, उपासिका संघ डबे घेतो, तिथं त्रिशरण-पंचशील होतं. मार्गदर्शक सांगतो ते आपण ऐकतो: हे लेणं कोणत्या राजाच्या काळातलं, कोणत्या श्रेष्ठीच्या दानातलं. मुलं मात्र निराळाच प्रश्न विचारतात. "एवढा दगड कापला कसा?" या प्रश्नाचं उत्तर मोठ्यांना देता येत नाही, म्हणून ती गप्प होतात. खरं तर तो प्रश्न कष्टकऱ्याचा आहे. आपल्या वस्तीतल्या कित्येक घरांतल्या आजोबा-आज्यांनी खाणीवर खडी फोडली, रस्त्यावर दगड वाहिले. म्हणून या लेखात दगड कापण्याच्या एका जुन्या आणि अगदी साध्या साधनाचा इतिहास मांडायचा आहे. ते साधन म्हणजे दगडाची करवत. ती घरी कशी करता येते, तेही सांगणार आहे.

लेणी करवतीने कापलेली नाहीत

आधी एक गैरसमज दूर करू. आपली सह्याद्रीतली लेणी करवतीने कापलेली नाहीत. कार्ल्याचं चैत्यगृह सुमारे ३८ मीटर लांब आणि १४ मीटर रुंद आहे. ते सगळं काळ्या पाषाणात लोखंडी पहार, छिन्नी आणि हातोडा यांनी कोरलेलं आहे. कारण सोपं आहे. करवत चालवायची तर दगडाच्या दोन्ही बाजू मोकळ्या लागतात, करवतीला पुढं-मागं जायला जागा लागते. डोंगराच्या पोटात ती जागा कुठून आणणार? म्हणून कारागिरांनी वरून खाली काम केलं. आधी छत, मग खांबांची डोकी, शेवटी जमीन. त्यामुळे उंच माच बांधायची गरजही पडली नाही. अजिंठ्याचं २४ क्रमांकाचं लेणं अर्धवट राहिलेलं आहे. अशा अपुऱ्या लेण्यांत कामाची रीत उघडी पडलेली दिसते. दगडात शेजारी शेजारी खोल चर घ्यायचे आणि मधला उंचवटा फोडून काढायचा. पुरी झालेली लेणी डोळे दिपवतात, पण शिकायचं असेल तर अपुऱ्या लेण्यापुढं उभं राहावं.

मग करवत कुठं लागते? जिथं दगड डोंगरापासून सुटा झालेला आहे आणि त्याची सपाट फळी, पेटी किंवा पातळ चकती काढायची आहे, तिथं. छिन्नीने पातळ फळी काढायला गेलं तर दगड मध्येच फुटतो. करवत धक्का देत नाही, घासत जाते.

कापते ती वाळू

लाकडाच्या करवतीला दात असतात. दगडाच्या जुन्या करवतीला दात नसत. तिचं पातं म्हणजे मऊ धातूची सपाट पट्टी. पट्टीखाली वाळू टाकायची आणि पट्टी पुढं-मागं ओढायची. वाळूचे कण पट्टी आणि दगड यांच्या मध्ये सापडतात आणि दगड खरवडतात. पट्टीचं काम एवढंच, की वाळूला एका रेषेत दाबून धरायचं आणि फिरवायचं.

यामागचं शास्त्र कठीणपणाचं आहे. शास्त्रज्ञ मोस यांनी १९ व्या शतकाच्या सुरुवातीला खनिजांची १ ते १० अशी श्रेणी लावली. तिच्यात संगमरवर आणि चुनखडीचा दगड साधारण ३ वर येतो. नदीच्या वाळूतला गारेचा कण, म्हणजे क्वार्ट्झ, ७ वर. साधं लोखंड या दोघांच्या मध्ये कुठं तरी. म्हणजे लोखंडापेक्षा वाळू कठीण. आपण मात्र लोखंडाला बलवान समजतो आणि वाळूला पायाखाली तुडवतो!

इजिप्तमध्ये सुमारे साडेचार हजार वर्षांपूर्वी लोखंडाची अवजारं नव्हती, तांबं होतं. तरी खुफू राजाच्या पिरॅमिडमधली ग्रॅनाइटची शवपेटी करवतीने कापलेली आहे आणि तिच्यावर करवतीच्या खुणा आजही दिसतात. इंग्रज संशोधक फ्लिंडर्स पेट्री यांनी त्या खुणा मोजून १८८३ मध्ये पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यांचं मत असं पडलं, की काशाच्या पात्यात रत्नांचे कण दातांसारखे बसवलेले असावेत. पुढं डेनिस स्टॉक्स या दुसऱ्या इंग्रज संशोधकाने तांब्याची बिनदाती पट्टी तयार केली, सुटी वाळू घेतली आणि ग्रॅनाइट कापून दाखवला. रत्नं लागली नाहीत. तांबं बरंच झिजलं, माणसं दमली, पण दगड कापला गेला. मोठ्या कामामागं काही तरी गूढ असलंच पाहिजे असं विद्वानांनाही वाटतं. हाताने करून पाहिलं की गूढ उरत नाही. भगवान बुद्धांनी कालामांना सांगितलेली अनुभवाची कसोटी आपल्याला ठाऊक आहेच.

रोमन लेखक प्लिनी इ.स. ७९ मध्ये वारला. त्याने संगमरवर कापण्याविषयी लिहून ठेवलं आहे, की कापतं लोखंड असं दिसतं, पण खरं कापते ती वाळू. जाड वाळू वापरली तर खाच रुंद पडते, दगड वाया जातो आणि नंतर घासायचं काम वाढतं, हेही तो सांगतो. चांगल्या वाळूची नावं घेताना तो इथिओपियाबरोबर भारताच्या वाळूचाही उल्लेख करतो.

त्यानंतर पाणी कामाला लागलं. आजच्या तुर्कस्तानातल्या हिएरापोलिस इथं तिसऱ्या शतकातल्या एका दगडी शवपेटीवर एक चित्र कोरलेलं आहे. पाणचक्कीचं चाक फिरतं आहे आणि त्याच्या जोरावर दोन करवती दगडाचे दोन ठोकळे कापत आहेत. चाकाच्या गोल फिरण्याचं रूपांतर पुढं-मागं हलण्यात करणारी दांड्याची ही योजना जगात ज्ञात असलेली सर्वांत जुनी मानली जाते. पुढं आगगाडीच्या इंजिनात हीच युक्ती उलटी वापरली गेली. ती पेटी कोणा राजाची नाही. मार्कस ऑरेलियस अम्मियानोस नावाच्या एका चक्कीवाल्याची आहे, आणि चाकांच्या कामात तो कुशल होता असं तिच्यावर लिहिलेलं आहे. हे नाव लक्षात ठेवा, शेवटी त्याचं काम पडणार आहे.

आपल्याकडची करवत

आपल्या देशातही ही विद्या जुनी आहे. सिंधू संस्कृतीतले कारागीर काशाच्या करवतीने शंख कापून बांगड्या करत. शंख कठीण आणि आतून वळणदार, तरी त्यांनी काढलेल्या चकत्या एकसारख्या पातळ आहेत.

बौद्ध इतिहासाशी याचा संबंध अस्थिकरंडकांमुळे येतो. आपल्या जवळचं उदाहरण नालासोपाऱ्याचं. पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी १८८२ मध्ये तिथला स्तूप उकरला. आत दोन भागांची गोल दगडी पेटी निघाली. तिच्यात तांब्याचा करंडक, त्यात चांदीचा, त्यात दगडाचा, त्यात स्फटिकाचा आणि सगळ्यांत आत सोन्याचा. उत्तर प्रदेशातल्या पिप्रहवा इथं १८९८ मध्ये स्तूप खोदला गेला, तिथंही सेलखडीच्या करंडकांबरोबर माशाच्या आकाराची मूठ असलेला स्फटिकाचा करंडक सापडला. या स्तूपातली काही रत्नं खोदकाम करणाऱ्या इंग्रज जमीनदाराच्या वारसांकडे राहिली होती. ती २०२५ मध्ये परदेशात लिलावाला निघाली, जगभरातून विरोध झाला, लिलाव थांबला आणि जुलै २०२५ मध्ये ती रत्नं भारतात परत आली.

आता बघा, स्फटिक म्हणजे गारच, कठीणपणात ७. वाळूही ७. बरोबरीच्याने बरोबरीच्याला कापायला गेलं तर जन्म जाईल. इथं कुरुंद लागतो. कुरुंदाचा कठीणपणा ९ आहे, त्याच्यावर फक्त हिरा. धार लावायच्या दगडांत तो वापरला जातो. संस्कृतातला कुरुविंद तो हाच, आणि इंग्रजीतला 'कोरंडम' हा शब्द दक्षिण भारतातूनच तिकडं गेला. आग्र्याचे पच्चीकारीचे कारागीर धनुष्यासारख्या कमानीला तार ताणून बांधतात, तारेवर कुरुंदाची पूड आणि पाणी सोडतात आणि रंगीत दगडाच्या पाकळ्या कापतात. तारेला दात नाहीत. तत्त्व तेच.

संगमरवराच्या कारखान्यांत पुढं एका चौकटीत कित्येक बिनदाती पाती शेजारी शेजारी लावून अख्ख्या शिळेच्या फळ्या एकदम कापायची यंत्रं आली. १९५५ मध्ये अमेरिकेत कारखान्यात कृत्रिम हिरा तयार झाल्याची घोषणा झाली आणि हिऱ्याची कणी लावलेली पाती हळूहळू स्वस्त झाली. नागपूरच्या दीक्षाभूमीचा स्तूप १८ डिसेंबर २००१ रोजी खुला झाला. त्याला लागलेला धोलपूरचा दगड आपण सगळ्यांनी डोळे भरून पाहिला आहे. तो दगड कापणारे हात मात्र कोणी पाहिले नाहीत.

घरी करवत कशी करावी

विहारातल्या तरुणांनी सुटीत एकदा हे करून पाहावं. सामान भंगारातलं चालतं.

चौकट लाकडाची. दोन उभे दांडे घ्यायचे, प्रत्येकी हातभर लांबीचे. त्यांच्या मधोमध एक आडवा दांडा खाचेत बसवायचा, ठोकून पक्का करायचा नाही, थोडा हलता ठेवायचा. उभ्या दांड्यांच्या खालच्या टोकांना पट्टी अडकवायची. वरच्या टोकांना दुहेरी सुतळी बांधायची आणि तिच्यात एक काठी घालून पीळ द्यायचा. पीळ वाढला की वरची टोकं जवळ येतात, खालची लांब जातात आणि पट्टी ताणली जाते. ताण पुरेसा झाला की काठी आडव्या दांड्याला अडकवून ठेवायची. जुने सुतार लाकडाची करवत अशीच ताणत.

पट्टी साध्या मऊ लोखंडाची, एक-दीड मिलिमीटर जाड, दोन बोटं रुंद. पोलादाची कडक पट्टी नको. मऊ धातूत वाळूचा कण रुततो आणि पट्टीबरोबर फिरतो, कडक पट्टीवरून तो घसरतो. पट्टीच्या खालच्या कडेला चार-चार बोटांवर कानशीने छोट्या खाचा पाडाव्यात. या खाचा दात नव्हेत. त्यांतून वाळू आणि पाणी खाली उतरतं, इतकंच.

वाळू नदीची, धुतलेली, माती नसलेली. ती चाळून घ्यावी. मैद्याच्या चाळणीतून पडते ती फार बारीक आणि खडे राहतात ती फार जाड, मधली घ्यावी. कण गोल गुळगुळीत नकोत, बोटांना टोचणारे हवेत.

पहिला दगड म्हणून शहाबादी फरशीचा किंवा संगमरवराचा तुकडा घ्यावा. काळा पाषाण किंवा ग्रॅनाइट सुरुवातीला घेऊ नये, माणूस निराश होतो. फरशी ओल्या गोणपाटावर अशी ठेवावी, की कापल्यावर दोन्ही तुकड्यांना खालून आधार राहील. गुण्याने रेघ मारावी. रेघेच्या दोन्ही बाजूंना दोन सरळ पट्ट्या दाबून बसवाव्यात, म्हणजे करवत सुरुवातीला भटकत नाही. बोटाच्या पेराएवढी खाच झाली की मग दगडच वाट दाखवतो.

वर एका डब्याला खिळ्याने भोक पाडून टांगावा, थेंब थेंब पाणी खाचेत पडेल असा. चिमटीने वाळू सोडत राहावं. दोघांनी समोरासमोर बसून ओढावं. एक ओढतो तेव्हा दुसऱ्याने हात सैल सोडायचा, ढकलायचं नाही. लांब, संथ हात मारावा. जोर लावू नये, चौकटीचं वजन पुरतं. नवशिक्याला हेच जमत नाही. तो वरून दाबतो, पट्टी दगडाला टेकते, वाळू बाहेर ढकलली जाते आणि नुसतं लोखंड दगडावर घासत बसतं. आवाज मोठा येतो, काम होत नाही. मधून मधून करवत किंचित उचलली की वाळू पुन्हा खाली शिरते. बरोबर चाललं असेल तर आवाज सारखा, खरखरीत येतो. आवाज मऊ झाला की समजावं, वाळू झिजून पीठ झाली. मग खाच पाण्याने धुवावी आणि नवी वाळू घालावी.

पट्टीही झिजते आणि तिची खालची कड वाकडी होते, तेव्हा ती उलटी करून लावावी. शेवटचा बोटभर दगड राहिला की फरशी पालथी घालून दुसऱ्या बाजूने खाच घ्यावी, नाही तर कोपरा तुटतो. कापलेली कड दुसऱ्या दगडावर आधी जाड, मग बारीक वाळूने पाणी घालून घासावी.

एका फरशीला दुपार जाते. मिस्त्रीच्या हातातलं विजेचं यंत्र हेच काम डोळ्याचं पातं लवतं न लवतं तोच करतं. मग हा खटाटोप कशाला? एक तर लेण्यातला हातभर दगड काढायला किती घाम लागला असेल, ते भाषणातून कळत नाही, हाताला कळतं. आणि दुसरं कारण पाण्याशी संबंधित आहे, ते जास्त महत्त्वाचं.

धूळ

पाण्यामुळे वाळू खाली उतरते आणि दगडाचं पीठ चिखल होऊन वाहून जातं. ते हवेत उडत नाही. विजेच्या यंत्राने कोरडा दगड कापला की पांढरा ढग उठतो. त्यातले डोळ्यांना न दिसणारे कण फुप्फुसात खोल जाऊन बसतात. त्याने होणारा आजार म्हणजे सिलिकोसिस. तो बरा होत नाही, काम सोडलं तरी वाढत राहतो. पुष्कळदा क्षयरोग समजून त्यावर वर्षानुवर्षं औषधं दिली जातात, आणि सिलिकोसिस झालेल्याला क्षय होण्याचा धोकाही जास्त असतो.

मध्य प्रदेशात मंदसौर इथं पाटीवरच्या पेन्सिली दगडातून कापल्या जात. विजेच्या करवतीने कोरडं कापकाम चाले. राष्ट्रीय व्यवसाय आरोग्य संस्थेच्या शास्त्रज्ञांनी तिथल्या कामगारांची तपासणी करून १९८५ मध्ये अहवाल प्रसिद्ध केला. तपासलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक लोकांना सिलिकोसिस झालेला होता. वाचकहो, पाटीवरची ती पेन्सिल आपल्या हातात होती. 'शिका' हा बाबासाहेबांचा आदेश मानून आपल्या आईबापांनी आपल्याला पाटी-पेन्सिल दिली. त्या पेन्सिलीसाठी कुणाचा तरी श्वास गेला, हे आपल्याला कोणी सांगितलं नाही.

परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळात मजूरमंत्री होते. कामगाराच्या जिवाचा प्रश्न सरकारचा प्रश्न आहे, ही भूमिका त्यांनी तिथं मांडली. १९४८ च्या कारखाने कायद्यात सिलिकोसिस हा सरकारला कळवण्याच्या आजारांच्या यादीत होता. राजस्थान सरकारने २०१९ मध्ये अशा आजारांसाठी स्वतंत्र धोरण आणलं. ऑस्ट्रेलियाने तर स्वयंपाकघरातल्या ओट्यांसाठी वापरायच्या कृत्रिम दगडावर १ जुलै २०२४ पासून बंदी घातली. पण कायदा आपल्या गल्लीत चाललेल्या फरशीच्या कामापर्यंत आपोआप पोचत नाही. तिथं आपणच बोललं पाहिजे. घरी फरशी बसवायला मिस्त्री आला तर त्याला सांगा, "दादा, पाणी मारून कापा. घाई नाही आम्हाला." तोंडाला बांधलेला रुमाल ही धूळ अडवत नाही. बारीक धुळीचा मास्क आणून द्या, पन्नास-शंभर रुपये जास्त जाऊ द्या. सम्मा आजीव म्हणजे स्वतःची उपजीविका शुद्ध ठेवणं, तसंच आपल्या कामासाठी दुसऱ्याची उपजीविका त्याच्या मरणाचं कारण होऊ न देणं, असं मला वाटतं.

दगडावरची नावं

शेवटी एक सूचना मांडतो.

लेण्यांतल्या दानलेखांत राजे आणि श्रेष्ठी आहेत, हे खरं. पण तेवढेच नाहीत. कार्ल्याच्या चैत्यगृहाचं दार धेनुकाकटाच्या सामिन नावाच्या सुताराने केलं, असं तिथंच कोरलेलं आहे, त्याच्या बापाच्या नावासकट. कर्जतजवळ कोंडाण्याच्या लेण्यात कण्हाचा शिष्य बलक याने काम केल्याचा लेख आहे. पितळखोऱ्याला सापडलेल्या यक्षमूर्तीच्या हातावर ती कण्हदास नावाच्या सोनाराने केल्याचं लिहिलेलं आहे. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहाच्या लेखात 'सेलवढकी' म्हणजे दगडाचं काम करणारे कारागीर आहेत. सांचीच्या दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी केलेल्या कोरीव कामाची नोंद आहे. हातांनी राबणाऱ्याचं नाव बुद्धाच्या घराच्या दारावर कोरलं जात होतं. ते कोरताना कोणाला विटाळ झाला नाही. दोन हजार वर्षांनी ते नाव आपण वाचतो.

आणि आपल्या विहारात? दरवाज्याजवळची संगमरवराची पाटी पाहा. उद्घाटक आहेत, प्रमुख पाहुणे आहेत, देणगीदार रकमेसह आहेत. पाया खणणारे, दगड बसवणारे, जिन्याच्या फरश्या कापणारे कुठंच नाहीत. त्यांतले काही आपल्याच वस्तीतले होते, काही वडार समाजातले, काही परप्रांतातून आलेले. ज्येष्ठ मंडळी हयात आहेत तोवर त्यांना विचारून ही नावं गोळा करता येतील. उशीर केला तर ती कायमची जातील.

म्हणून विश्वस्त मंडळाला विनंती, की या वर्धापनदिनाच्या वर्षात दुसरी एक पाटी लावावी. पैसे फारसे लागणार नाहीत. शहाबादी दगडाची एक फळी पुरे. ती आपल्या मुलामुलींनी वर सांगितलेल्या करवतीने, वाळू आणि पाण्याने कापावी, घासून गुळगुळीत करावी आणि तिच्यावर ती नावं कोरून घ्यावीत. कोरणाऱ्याचं नाव शेवटच्या ओळीत यावं. नावं गोळा करायची जबाबदारी महिला मंडळाने घेतली तर ती पुरी होईल, याची खात्री वाटते, कारण कोणाच्या घरचं कोण बांधकामावर होतं ते आपल्या मावश्या-काकूंनाच नेमकं ठाऊक आहे.

नमो बुद्धाय! जयभीम!